एफझेड-एस की एफझेड-एक्स? एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांतली आपली कशी ओळखायची

शोरूममध्ये यामाहाच्या या दोन्ही मोटारसायकली शेजारी शेजारी लावलेल्या असतात. एफझेड-एस टोकदार, रुंद खांद्यांची, टाकी फुगलेली. दुसरीचा, म्हणजे एफझेड-एक्सचा, दिवा गोल, पाठ सरळ, पुढच्या शॉकअपवर रबरी बूट चढवलेले. मुलगा पहिलीवर जाऊन बसतो. वडील दुसरीच्या दिव्यावरून हात फिरवत म्हणतात, "आमची आरएक्स अशीच दिसायची." आणि सेल्समनला प्रश्न विचारला जातो तो एकच: "पिकअप कुठलीला जास्त?"

पिकअप सारखाच. इंजिन एकच, चेसिसचा पाया एकच, चाकांचं माप एकच. तरीही या दोन गाड्या रोज चालवायला वेगळ्या आहेत आणि चुकीची उचलली तर पहिल्या महिन्यातच कळतं. गेली काही वर्षं ओळखीतल्या कुणालाही यांपैकी एक घ्यायची असली की फोन मला येतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. सगळ्याचा गाभा एका वाक्यात सांगतो: जे नंतर बदलता येत नाही त्यावर गाडी ठरवा, बाकीचं बदलून घेता येतं.

आधी थोडी वंशावळ

यामाहाची एफझेड आपल्याकडे २००८ साली आली, एफझेड-१६ या नावानं. १५३ सीसी, कार्बोरेटर, आणि मागे त्या काळात डोळ्यात भरेल एवढं जाड टायर. २०१४ मध्ये दुसरी आवृत्ती आली, इंजिन १४९ सीसीचं झालं, इंधन इंजेक्शन आलं. जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती, एबीएससह (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). आजची एफझेड-एस याच घरातली.

दुसरीकडे यामाहानं परदेशात एक वेगळा खेळ मांडला होता. चालू मॉडेलचं इंजिन आणि सांगाडा जसाच्या तसा घ्यायचा आणि त्यावर जुन्या वळणाचा दिवा, टाकी, सीट चढवायची. २०१५ मध्ये एमटी-०७ वरून एक्सएसआर ७०० झाली, पाठोपाठ एमटी-०९ वरून एक्सएसआर ९००. २०१९ मध्ये थायलंडमध्ये एक्सएसआर १५५ आली. ती भारतात येणार म्हणून लोक डोळे लावून बसले आणि जून २०२१ मध्ये प्रत्यक्षात आली एफझेड-एक्स! दिसायला त्याच वळणाची, पण पोटात एफझेडचं हवेवर थंड होणारं इंजिन. त्या दिवशी बरेच जण हिरमुसले. मला मात्र तो निर्णय आपल्या रस्त्यांच्या मानानं बरा वाटला होता, अजूनही वाटतो. साधं दोन व्हॉल्व्हचं इंजिन, रेडिएटर नाही, तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही न बिचकता उघडतो.

आणि आरएक्सची आठवण काढणाऱ्या वडीलमंडळींना आधीच सांगून ठेवा. आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातली ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी, वजनाला शंभर किलोच्या आसपास. एफझेड-एक्सचा दिवा गोल असला तरी सायलेन्सरमधून तो आवाज आणि तो वास येणार नाही. ती एक शांत, समजूतदार फोर-स्ट्रोक गाडी आहे. त्या अपेक्षेनं घेतली तर घरात रुसवेफुगवे होतात.

पायरी १: जे सारखं आहे ते यादीतून खोडा

निम्मा वेळ लोक ज्यात फरकच नाही त्याची तुलना करण्यात घालवतात. म्हणून आधी एवढं खोडून टाका:

इंजिन १४९ सीसी, सुमारे १२.४ पीएस ताकद, १३.३ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायचा जोर), पाच गेअर. दोन चाकांमधलं अंतर १,३३० मिमी. जमिनीपासूनची उंची १६५ मिमी. पुढचं टायर १००/८०-१७, मागचं १४०/६०-१७. दोन्ही चाकांना डिस्क, आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला.

या यादीतली दोन वाक्यं अधोरेखित करा. एक, जमिनीपासूनची उंची सारखीच आहे. एफझेड-एक्सला इंजिनाखाली संरक्षण आहे आणि टायरांना ठोकळ्याठोकळ्यांची नक्षी आहे, त्यामुळे ती खडकाळ वाटांची गाडी असल्यासारखी दिसते. तशी ती नाही. शेतापर्यंतचा कच्चा रस्ता, खडी, उखडलेलं डांबर इथपर्यंत ठीक. गडाच्या माचीवर न्यायला घेत असाल तर दुसरी गाडी बघा.

दुसरं, एबीएस पुढच्याच चाकाला आहे, म्हणजे खडीवर मागचा ब्रेक जोरात दाबला की मागचं चाक लॉक होऊन घसरणार. दोन्ही गाड्यांत. हे कुणी शोरूममध्ये सांगत नाही.

पायरी २: जे वेगळं आहे ते दोन ढिगांत टाका

आता फरक. पण ते एका रांगेत मांडू नका, दोन ढीग करा. नंतर बदलता येणारे आणि न येणारे.

बदलता येणाऱ्यांत पहिलं टायर. एफझेड-एक्सवरची ठोकळ्यांची नक्षी कच्च्या रस्त्यावर जरा बरी पकडते, गुळगुळीत डांबरावर मात्र थोडी गुणगुणते, आणि काहींना पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर तिचा भरवसा वाटत नाही. पण माप दोन्ही गाड्यांचं एकच आहे! म्हणजे झिजल्यावर एफझेड-एक्सला साधी रस्त्याची टायरं घालता येतात, आणि एफझेड-एसलाही त्याच मापातली नक्षीदार. टायरसाठी गाडी ठरवणं म्हणजे चपलेवरून नवरदेव निवडण्यासारखं.

हँडल थोडंफार बदलता येतं. एफझेड-एक्सचं हँडल उंच आणि अंगाजवळ आहे, बसल्यावर पाठ सरळ राहते. एफझेड-एसवर किंचित पुढे झुकावं लागतं. ज्यांना रोज तास-दीड तास सिग्नलमधून जायचं असतं त्यांच्या मनगटांना हा फरक कळतो. हायवेला उलटा हिशेब, ८० च्या पुढे सरळ बसलेल्याच्या छातीवर वारा थेट येतो आणि गोल दिव्याच्या वर तो अडवायला काही नाही. छोटी काच बसवून घेता येते.

सीटचा फोम, आरसे, क्रॅश गार्ड, मागचं कॅरियर हे सगळं याच ढिगात.

आता दुसरा ढीग, खरा निर्णय इथे होतो. यात तीन गोष्टी आहेत: टाकी, सीटची उंची आणि गाडीचं वजन.

टाकी एफझेड-एसला १३ लिटर, एफझेड-एक्सला १० लिटर. जुन्या वळणाची आटोपशीर टाकी हवी तर कुठेतरी पेट्रोल सोडावं लागणारच, ते इथे सोडलंय. सीट एफझेड-एसची ७९० मिमी, एफझेड-एक्सची ८१०. वजन साधारण १३५ किलो आणि १३९ किलो. चार किलोचा फरक चालवताना जाणवत नाही, पण दोन सेंटिमीटर उंचीबरोबर तो पार्किंगमध्ये जाणवतो, त्याबद्दल पुढे.

एक सूचना. गोल दिवा आवडला पण टाकी मोठी हवी म्हणून एफझेड-एस घेऊन तिला बाहेरून गोल दिवा बसवणारे भेटतात. वायरिंग कापली की वॉरंटीवर पाणी, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश. हा जुगाड करू नका.

पायरी ३: शोरूमच्या आधी घरी माप घ्या

उंची किती यापेक्षा पाय किती लांब हे महत्त्वाचं. भिंतीला पाठ टेकून, रोज गाडीवर घालता तेच बूट घालून उभे राहा. जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये कडेवर धरून वर नेता येईल तेवढं न्या आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा.

आता हे माप आणि सीटची उंची यांची थेट वजाबाकी करायचा मोह होईल, करू नका. सीटची रुंदी मध्ये येते, कारण पाय बाजूनं वळसा घेऊन खाली जातात. उलट, तुमच्या वजनानं मागचा शॉकअप थोडा दबतो आणि गाडी खाली बसते. म्हणून कागदावरचा आकडा फक्त अंदाजाला. माप ७९ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर एफझेड-एक्सवर दोन्ही टाचा एकदम टेकणार नाहीत असं धरूनच शोरूममध्ये जा.

टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. चालू गाडीला टाचांची गरज नसते. गरज लागते ती तीन ठिकाणी: उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ढकलताना, मागे कुणी बसलेलं असताना सिग्नलला, आणि पावसाळ्यात चिखलात पाय टाकताना. तुमच्या सोसायटीचं पार्किंग उताराचं असेल तर या दोन सेंटिमीटरना भाव द्या. सपाट असेल तर फार विचार करू नका.

सीट कापून खाली घेणं सीटवाले करून देतात. पण फोम कमी झाला की शंभर किलोमीटरनंतर पार्श्वभाग तक्रार करतो. अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापू नये हे माझं मत.

पायरी ४: टाकीचं गणित मांडा, आपल्या रस्त्यावर

तीन लिटर ऐकायला किरकोळ वाटतात. कागद घ्या.

उदाहरणासाठी ॲव्हरेज लिटरला ४५ किमी धरू. तुमचं कमी-जास्त येईल, कारण शहर, हात, वजन आणि टायरमधली हवा यांवर ते ठरतं. १३ लिटरमध्ये ५८५ किमी, १० लिटरमध्ये ४५०. टाकी कोरडी होईपर्यंत कुणी चालवत नाही आणि चालवूही नये, कारण इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. दोन लिटर उरले की भरायचं असं धरलं तर एफझेड-एस ४९५ किमीला पंपावर जाईल, एफझेड-एक्स ३६० ला.

आता दोन माणसं घ्या. पहिला पिंपरीहून हिंजवडीला जाणारा, रोज येऊन-जाऊन ४० किमी, महिन्याला २६ दिवस. १,०४० किमी, म्हणजे साधारण २३ लिटर. एफझेड-एसवर महिन्याला दोनदा पंप, एफझेड-एक्सवर तीनदा. एक जादाची चक्कर, तीही रस्त्यातल्याच पंपावर. या माणसानं तीन लिटरसाठी आवडती गाडी सोडू नये.

दुसरा माणूस महिन्यातून दोनदा पुण्याहून कोकणातल्या गावी जातो, तेही रात्री निघून. घाट उतरल्यावर आडवाटेचे पंप दूर दूर असतात आणि रात्री बंद मिळतात. त्याच्यासाठी ३६० आणि ४९५ यांतला फरक म्हणजे मध्यरात्री अनोळखी गावात बंद पंपासमोर उभं राहणं की न राहणं. मी राहिलोय. पहाटे पाचला पंपावरच्या माणसाला उठवताना त्या गोल दिव्याचं कौतुक ओठावर येत नाही. पुणे-पणजी साधारण ४५० किमी आहे, म्हणजे १३ लिटरची टाकी कागदावर एका दमात पोचते. दम गाडीचा म्हणतोय, माणसाचा नाही.

ॲव्हरेज मोजण्याची एकच पद्धत खरी: टाकी काठोकाठ भरा, ट्रिप मीटर शून्य करा, दोन-तीनशे किमी चालवा, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरा आणि किलोमीटर भागिले लिटर करा. मीटरवर दिसणाऱ्या आकड्याला अंदाज समजा.

पायरी ५: ट्रायल अशी घ्या की काहीतरी कळेल

शोरूमच्या पुढच्या चौकाला वळसा घालून परत आलात तर फक्त हॉर्न वाजतो एवढं कळेल. दोन्ही गाड्यांची ट्रायल एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर घ्या. एक आज आणि एक पुढच्या रविवारी घेतली तर तुलना होत नाही, शरीर विसरतं.

जाताना घरच्या माणसाला बरोबर न्या, जे मागे बसणार आहे त्यालाच. बहुतेक जण हे करत नाहीत आणि नंतर वर्षभर मागून टोमणे ऐकतात. मागच्या माणसाला विचारायच्या गोष्टी: चढता येतं का, पाय ठेवायला गुडघे फार दुमडावे लागतात का, ब्रेक मारल्यावर पुढे सरकायला होतं का, धरायला हाताशी काही आहे का. आई किंवा बायको साडी नेसून एका बाजूला बसत असेल तर तसंच बसवून बघा. साडी गार्ड, मागचं हँडल आणि फूटरेस्ट गाडीबरोबर असणं नियमानं बंधनकारक आहे. ते वेगळ्या पैशांची ॲक्सेसरी म्हणून बिलात दिसलं तर तिथेच बोट ठेवा.

रस्त्यावर या चार गोष्टी करा. गाडी चालत्या माणसाच्या वेगात, क्लचवर, पाय न टेकवता वीस पावलं चालवा. उंच हँडलमुळे एफझेड-एक्स इथे अनेकांना सोपी वाटते. अरुंद रस्त्यावर यू टर्न घ्या. स्पीडब्रेकरवरून एकदा एकट्यानं आणि एकदा डबलसीट जा. आणि जवळ चढ असेल तर डबलसीट तिसऱ्या गेअरमध्ये चढवून बघा.

शेवटची गोष्ट दोन गाड्यांत निवड करायला नाही, या इंजिनाची ओळख व्हायला. १२.४ पीएसमध्ये गाडीचे १३९ आणि दोन माणसांचे १३० किलो ओढायचे आहेत. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढायला लागलात की पाचवा गेअर विसरायचा, चौथ्यातून तिसऱ्यात यायचं आणि डावी लेन धरायची. हे मान्य नसेल तर दोन्ही गाड्या सोडून द्या. त्याच पैशांच्या आसपास त्याच घरातली दुसरी जोडी आहे: एमटी-१५, आणि तिचंच जुनं वळण म्हणजे एक्सएसआर १५५, जी अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली. १५५ सीसी, पाण्यावर थंड होणारं इंजिन, सहा गेअर, १८.४ पीएस. त्या जोडीलाही हाच सगळा हिशेब लावता येतो.

शक्य असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर जा आणि दिवा बघा. दोन्हींचे दिवे एलईडीच आहेत, पण पाऊस पडत असताना, डांबर काळं असताना कुठला उजेड तुमच्या डोळ्याला पुरतो हे तुम्हीच ठरवायचं.

पायरी ६: ऑन-रोडचा कागद ओळ-ओळ वाचा

शोरूम किंमत आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम यांत जे येतं ते समजून घ्या. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून जुने दर सांगणाऱ्या मित्रांचं ऐकू नका.

महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी रोड टॅक्स इंजिनाच्या आकारावर ठरतो. ९९ ते २९९ सीसीच्या गटाला ११ टक्के. हिशेबापुरती किंमत १,२०,००० धरली तर १३,२०० रुपये.

विम्यात एक मजा आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीच्या गटाला तो जून २०२२ च्या दरानं ३,८५१ रुपये, त्यावर कर वेगळा. १५० च्या वर गेलात की तोच ७,३६५. या दोन्ही गाड्या १४९ सीसीच्या आहेत, त्यामुळे कमी दरात बसतात. एक्सएसआर आणि एमटी-१५ मात्र १५५ सीसीच्या असल्यानं वरच्या गटात जातात. तुलना करताना हे धरा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा असतो आणि तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून भाव काढून आणा. तो कागद टेबलावर ठेवला की बहुतेक वेळा शोरूमचा भाव आपोआप खाली येतो.

"हँडलिंग", "लॉजिस्टिक", "स्मार्ट कार्ड किट" असल्या ओळी दिसल्या की शांतपणे विचारा, हे कशाचे? पावती मिळेल का? भांडायची गरज नसते, प्रश्न पुरतो.

पासिंगच्या आधी तुमच्या नावाची गाडी डोळ्यांनी बघा. चेसिस नंबर कागदाशी ताडा, कंपनीत तयार झाल्याचा महिना बघा, टाकीवर आणि सायलेन्सरवर ओरखडे आहेत का ते दिवसाउजेडी बघा. एकदा नंबर पडला की मग बदलून मिळत नाही.

पायरी ७: जुनी घेत असाल तर

एफझेड-एक्स जुनी घ्यायला चांगली गाडी आहे, कारण हौसेनं घेऊन कमी चालवलेल्या बऱ्याच सापडतात. फक्त तिच्या काही खास जागा आहेत.

पहिली जागा, शॉकअपवरचे रबरी बूट. ते शॉकअपमधलं तेल अडवणारं सील धूळ-चिखलापासून वाचवतात, पण गळती लपवतातही. साध्या एफझेड-एसवर तेल गळालं तर चकाकणारी रेघ लगेच दिसते, इथे बुटाच्या आत सगळं झाकलं जातं. मालकाच्या परवानगीनं बूट वर सरकवा आणि बोट फिरवा. तेलकट चिखल हाताला लागला तर सील बदलायचे पैसे किमतीतून वजा करा.

दुसरी, रंग. एफझेड-एक्सचे सुरुवातीचे तीन रंग होते, मॅट कॉपर, मॅट काळा आणि चमकदार निळा. मॅट रंगावर डिझेलचं फडकं किंवा पॉलिश मारलं की डाग पडतात आणि ते परत जात नाहीत. टाकीवर गुडघ्यांच्या जागी चकचकीत पट्टे दिसले तर गाडी सांगतात त्याहून जास्त चालली आहे का, हे तपासा. फूटरेस्टचं रबर आणि गेअर लिव्हरचं टोक त्याची साक्ष देतात.

मग दोन्ही गाड्यांना लागू असलेलं. आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर गार असतानाचं दुखणं लपवलं असण्याची शक्यता आहे. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटानं मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट संपला. जॅकवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. हँडलची टोकं, ब्रेक लिव्हरचं टोक आणि फूटरेस्टची बाहेरची कड घासलेली असेल तर गाडी पडलेली आहे. पडली म्हणून नाकारायची नाही, भाव कमी करायचा.

साल नीट बघा. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागेवर फिरून घसरू न देणारी यंत्रणा) २०२३ पासूनच्या गाड्यांत आलं, २०२१-२२ च्या एफझेड-एक्समध्ये ते नाही. ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला चालते की नाही हे त्या गाडीच्या पुस्तिकेत आणि टाकीजवळच्या स्टिकरवर बघा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी. थकलेले ई-चलान ऑनलाइन दिसतात, व्यवहाराच्या आदल्या रात्री बघा. सकाळी बघितले म्हणणारे फसलेत, तोवर टोकन दिलेलं असतं. आणि विमा आपल्या नावावर करायला विसरू नका, आरसी बदलली म्हणजे विमा बदलला असं होत नाही.

पायरी ८: पहिले हजार किलोमीटर

कमी लिहितो, कारण पुस्तिकेत आहे. एका वेगावर तासन्‌तास चालवू नका, इंजिन पिळू नका, पहिली सर्व्हिस १,००० किमीच्या आसपास चुकवू नका. चेनला दर ५०० किमीला ल्युब, पावसाळ्यात त्याहून लवकर. जुनं इंजिन ऑइल चेनला फासणं बंद करा, त्याला धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो. हवा किती ठेवायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे, पंपावरचा पोरगा सांगतो ते नाही.

एफझेड-एक्सवाल्यांनी एवढं जादा करायचं: महिन्यातून एकदा बूट वर करून आत साचलेला चिखल पुसायचा, मॅट रंगावर फक्त पाणी, शाम्पू आणि मऊ फडकं वापरायचं, आणि पहिल्या महिन्यात मीटरवरच्या पेट्रोलच्या पट्ट्या किती किलोमीटरला उतरतात ते लिहून ठेवायचं. शेवटची पट्टी लुकलुकायला लागल्यावर आपली गाडी नेमकी किती जाते हे घराजवळ असताना, दिवसा, पंप समोर दिसत असताना एकदा मोजून घ्या. हा आकडा फोनमध्ये साठवू नका. रात्री बाराला रेंज नसते. टाकीच्या टोपीखाली छोट्या चिठ्ठीवरही नको, पेट्रोलनं शाई जाते. मी किल्लीच्या पट्टीवर कोरून घेतलाय.